पटावर उरलेली यंत्रे

कोलकात्याच्या उत्तरेस, बराकपूर ट्रंक रोडवर, बराहनगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे आवार आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत १९५५ साली इंग्लंडमध्ये बनलेले एक अजस्र यंत्र येऊन दाखल झाले. एचईसी-२एम हे त्याचे नाव. भारतात बसविला गेलेला हा पहिला अंकीय संगणक होय. एक खोली व्यापणाऱ्या त्या यंत्राची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर साठविलेली होती आणि तिची धारणा अवघी १,०२४ शब्दांची होती. पुढे सोव्हिएत देशातून उराल नावाचा संगणक आला. १९६६ साली जादवपूर विद्यापीठाच्या साहाय्याने एक संगणक तयारही झाला. त्या दिवसांत संस्थेपाशी संगणक किती आहेत, असा प्रश्न कोणी विचारला नसता. यंत्र डोळ्यांसमोर उभे होते. ते चालू असले की त्याची घरघर ऐकू येई, आणि बंद पडले की सर्वांचे काम थांबे.

आज त्याच शहरात, पूर्वेकडच्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये काय, किंवा जुन्या डलहौसी चौकाच्या, म्हणजे आताच्या बिनय-बादल-दिनेश बागेच्या सभोवती काय, एखाद्या मध्यम पेढीच्या कचेरीतही शेकडो संगणक परस्परांशी जोडलेले असतात. तेथील व्यवस्थापकास यंत्रे किती असे विचारले, तर तो तत्काळ आकडा सांगतो. त्यांपैकी आज खरोखर वापरात किती, असे विचारले, तर मात्र उत्तर लवकर येत नाही. यादीतील आकडा आणि टेबलांवरील यंत्रे यांच्यात पडलेले हे अंतर कसे निर्माण होते, त्यात धोका कोणता, आणि ते अंतर शोधून काढताना कोणता विवेक बाळगावा लागतो, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे. परंतु दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखीचा वाटेल.

कचेरीच्या जाळ्यात मनुष्याचे खाते असते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. नाव आणि परवलीचा शब्द दिल्यावाचून आत प्रवेश मिळत नाही. त्याच जाळ्यात प्रत्येक संगणकाचेही एक स्वतंत्र खाते असते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० साली विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नावाची व्यवस्था आणली, आणि जगातील असंख्य व्यापारी कचेऱ्यांत ती रूढ झाली. या व्यवस्थेत एक मध्यवर्ती निर्देशिका असते. नवा संगणक जाळ्यात सामील झाला की त्याचे नाव तीत चढते. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लागते, त्यावरून हे माणसाचे खाते नसून यंत्राचे आहे हे ओळखू येते. यंत्रालाही परवलीचा शब्द असतो. तो यंत्र आणि निर्देशिका यांनाच ठाऊक असतो आणि सर्वसाधारणपणे दर ३० दिवसांनी यंत्र तो आपण होऊन बदलते. सकाळी संगणक सुरू केला की कर्मचाऱ्याने नाव टाइप करण्याच्या आधीच यंत्राने आपली हजेरी लावलेली असते.

या पटावर नाव चढणे फार सोपे आहे. मूळ रचनेप्रमाणे साधा कर्मचारीसुद्धा १० यंत्रांपर्यंत नावे चढवू शकतो. व्यवस्थापकाने मुद्दाम मनाई केली तरच ही मुभा बंद होते. नाव उतरविण्याची मात्र आपोआप चालणारी सोय नाही. कर्मचारी नोकरी सोडतो, त्याचा संगणक दुसऱ्याला मिळतो, नव्या नावाने पुन्हा सामील होतो, आणि जुने नाव तसेच राहते. पाटी जळाली, यंत्र भंगारात गेले, तरी निर्देशिकेला त्याची वार्ता नसते. शाखा बंद होते, खुर्च्या-कपाटांचा लिलाव होतो, त्यांची वजावट हिशेबात दाखविली जाते. संगणकांची खाती तेवढी उघडी राहतात. काही खाती तर जन्मालाच आलेली नसतात. यंत्रे येणार म्हणून नावे आधी नोंदविली, आणि मागणी रद्द झाली. अशा आगाऊ नोंदविलेल्या खात्यांना जुन्या पद्धतीत यंत्राचे नाव हाच आरंभीचा परवलीचा शब्द मिळत असे. म्हणजे घराला कुलूप घालून किल्ली दारावरच्या पाटीखाली ठेवण्यासारखा हा प्रकार झाला.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव तसेच असते. आजोबांना जाऊन तीस वर्षे झालेली असतात. फेरफार नोंदविण्याचे काम कोणीतरी करील, या भरवशावर दोन पिढ्या सरतात, आणि कर्ज काढावयाचे झाले किंवा जमीन विकावयाची झाली म्हणजे अडचण उभी राहते. २०२५ साली महाराष्ट्राच्या महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ या नावाची मोहीम हाती घेतली, ती मृत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद व्हावी यासाठी. जमिनीच्या दप्तराला जे झाले, तेच यंत्रांच्या दप्तराला होते; भेद इतकाच, की जमिनीला तीस वर्षे लागतात, तर संगणकाला तीन पुरतात.

मृत नावे राहिली म्हणून बिघडले काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस करील. त्याचे पहिले उत्तर हिशेबाचे आहे. समजा, एका पेढीच्या पटावर १,००० यंत्रे आहेत आणि त्यांतील २०० प्रत्यक्षात नाहीत. संरक्षणासाठी आलेली सुधारणा ७८० यंत्रांवर बसविली गेली. अहवालात ७८ टक्के काम झाल्याचे दिसते. खरे पाहता ८०० पैकी ७८०, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के काम झालेले आहे. परंतु आनंद मानण्याचे कारण नाही. कारण जी २० जिवंत यंत्रे असुरक्षित राहिली, ती त्या २०० निर्जीव नावांच्या गर्दीत लपून बसली आहेत. दर महिन्याला २२ टक्क्यांची तूट पाहण्याची सवय झालेला व्यवस्थापक ती तूट तपासण्याचे सोडून देतो. चोराला दडण्यासाठी याहून चांगले रान कोणते?

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. बंद कपाटात वर्षभर पडलेला संगणक पुन्हा सुरू केला, तर निर्देशिका त्याला नाकारीत नाही. परवलीचा शब्द बदलण्याचा उपक्रम यंत्राकडून होत असल्याने, यंत्र निजले की त्याचा शब्दही निजतो, आणि जागे झाल्यावर तोच शब्द चालतो. या काळात आलेली एकही सुधारणा त्या यंत्राला मिळालेली नसते. हीच गोष्ट विकून टाकलेल्या यंत्राची. कोलकात्याचा चांदणी चौक काय किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय, संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा व्यापार तेथे चालतो. आतली तबकडी पुसल्यावाचून यंत्र बाहेर गेले, तर खात्याचे गुपित तिच्याबरोबर जाते. आणि निर्देशिकेत ते खाते उघडे असेल, तर त्या गुपिताला मोल राहते.

न वापरलेले खाते किती महाग पडू शकते, याचा दाखला अमेरिकेत २०२१ साली मिळाला. कलोनियल पाइपलाइन या कंपनीची सुमारे ८,८०० किलोमीटर लांबीची नलिकाव्यवस्था टेक्सासकडून न्यूयॉर्कच्या बाजूस पेट्रोल आणि डिझेल वाहून नेते. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनाचा जवळजवळ निम्मा भाग तिच्यातून जातो. ७ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी कंपनीच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केल्याचे उघडकीस आले, आणि नलिका थांबवावी लागली. १२ मे रोजी ती पुन्हा सुरू होईपर्यंत अनेक राज्यांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकी सरकारने पुढे परत मिळविला. तपासात निघाले ते असे, की चोर आत आले ते दुरून जाळ्यात शिरण्यासाठी दिलेल्या एका खात्यावरून. ते खाते वापरात नव्हते. पण बंदही केलेले नव्हते. त्याचा परवलीचा शब्द चोरीस गेलेल्या शब्दांच्या एका गठ्ठ्यात आढळला. ते खाते माणसाचे होते, यंत्राचे नव्हते. परंतु बोध एकच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची वर्दळ असलेल्या दाराकडे सर्वांचे लक्ष असते. ज्या दाराने वर्षभर कोणी गेले नाही, त्याला कडी आहे की नाही हे पाहावयास कोणी जात नाही.

तेव्हा निद्रिस्त खाती शोधली पाहिजेत. शोधावयाची कशी? निर्देशिका प्रत्येक खात्यासमोर शेवटच्या हजेरीची वेळ लिहून ठेवते. तीवरून ९० दिवसांत न आलेल्या यंत्रांची यादी काढणे, हे एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे. येथेच पहिली फसगत होते. मोठ्या पेढीत निर्देशिकेची प्रत एकाच ठिकाणी नसते. मुख्य कचेरीत दोन, हावड्याच्या गुदामात एक, सिलिगुडीच्या शाखेत एक, अशा अनेक प्रती अनेक सेवायंत्रांवर असतात. ज्या सेवायंत्रापुढे हजेरी लागली, तेच अचूक वेळ लिहिते, आणि ती नोंद इतरांना कळवीत नाही. सिलिगुडीचा संगणक रोज कामावर असतो, परंतु कोलकात्याच्या प्रतीत तो दिसतच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००३ च्या आवृत्तीपासून दुसरी एक नोंद ठेवली गेली. ती सर्व प्रतींत पोहोचते, पण जाळ्यावर भार पडू नये म्हणून रोज बदलत नाही. आधीची नोंद ९ ते १४ दिवसांची जुनी झाली, तरच ती नवी केली जाते. म्हणजे काल हजर असलेले यंत्र या नोंदीप्रमाणे दोन आठवडे गैरहजर दिसू शकते.

कोलकात्यात हा हिशेब मांडून पाहावा. दुर्गापूजेच्या दिवसांत, पंचमीपासून कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत, शहराच्या कचेऱ्यांचा वेग मंदावतो आणि सरकारी दप्तरे तर बंदच असतात. समजा, १२ दिवस यंत्र बंद राहिले; त्यात नोंदीच्या शिळेपणाचे १४ दिवस मिळविले, की २६ दिवस झाले. तीन आठवड्यांची मर्यादा ठरविणाऱ्या व्यवस्थापकाने पूजेनंतरच्या पहिल्या सकाळी यादी काढली, तर अर्धी कचेरी मृत ठरेल. २०२० सालचा अनुभव याहून बोलका आहे. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. संगणक टेबलांवर बंद पडून राहिले, किंवा कर्मचाऱ्यांबरोबर घरी गेले आणि निर्देशिकेच्या दृष्टीआड झाले. २० मे रोजी अंफान चक्रीवादळ आले, आणि कोलकात्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, मग जाळे कोठून असणार? २४ मार्चला शेवटची हजेरी लावलेले यंत्र ९० दिवसांच्या नियमाने २२ जूनला मृत ठरते. त्या आठवड्यात ज्याने नियमावर बोट ठेवून खाती पुसली असती, त्याने आपल्याच पेढीच्या जिवंत यंत्रांचा उच्छेद केला असता.

अशा चुकीची किंमतही थोडी नसते. खाते पुसले गेलेले यंत्र जाळ्यात शिरू शकत नाही, हे तर झालेच. पण अनेक कचेऱ्यांत फिरत्या संगणकाची तबकडी कुलूपबंद ठेवतात, आणि त्या कुलपाची राखीव किल्ली यंत्राच्या खात्यातच जपून ठेवलेली असते. खाते गेले की किल्लीही गेली. आणि पुढे कुलूप अडले, तर त्या तबकडीवरचे हिशेब, पत्रव्यवहार, वर्षभराचे काम, सारे बंद दाराआड राहते. काही खाती खऱ्या यंत्रांची नसतात. दोन-तीन सेवायंत्रे मिळून एका सामाईक नावाने काम करतात, त्या नावाचे ते खाते असते. त्याची हजेरी सामान्य रीतीने लागत नाही, म्हणून ते मृत समजून पुसले, तर सबंध सेवा कोसळते. माहितीसाठ्याची काही उपकरणे किंवा लिनक्सवर चालणारी यंत्रे परवलीचा शब्द नियमाने बदलीत नाहीत. केवळ शब्दाच्या वयावरून निवाडा करणारा त्यांनाही मृत ठरवील. आणि ३१ मार्चच्या वर्षअखेरीसाठीच उघडला जाणारा लेखा-विभागातील एखादा जुना संगणक दहा महिने मौनच धरून असतो.

सारांश, मौन हा मृत्यूचा संशय आहे, पुरावा नव्हे. मग पुरावा कोठून आणावा? या प्रश्नावर त्याच बराहनगरच्या संस्थेने फार पूर्वी, वेगळ्याच क्षेत्रात, विचार केला होता. बंगालमध्ये तागाच्या पिकाखाली जमीन किती, हे नमुन्यावरून काढण्याचे काम महालनोबीस यांच्याकडे १९३७ च्या सुमारास आले. शेताशेतांतून हिंडणारा पाहणीदार चुकत असेल, क्वचित न जाता आकडा लिहीत असेल, तर ते कळावे कसे? त्यांनी असे योजिले, की एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावयाचे, दोन स्वतंत्र तुकड्यांनी त्यांची पाहणी करावयाची, आणि दोहोंचे निष्कर्ष शेजारी मांडावयाचे. जेथे ते जुळतात, तेथे विश्वास ठेवावा. जेथे फुटतात, तेथे पुन्हा पाहावे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत उपयोगी पडली. कोणतीही एक यादी स्वतःविषयी खरी साक्ष देऊ शकत नाही, हे तिच्यामागील मर्म आहे.

यंत्रांच्या पटालाही हाच न्याय लावता येतो. निर्देशिकेची हजेरी हा एक साक्षीदार. परवलीचा शब्द शेवटी कधी बदलला, हा दुसरा. मात्र तोही त्याच दप्तरातला असल्याने पूर्ण स्वतंत्र नव्हे. खरे स्वतंत्र साक्षीदार बाहेर असतात. जाळ्यावरचे पत्ते वाटणाऱ्या सेवायंत्राची नोंद, विषाणुरोधक व्यवस्थेची नोंद, भांडारातील जडवस्तूंची वही, आणि मनुष्यबळ विभागातील रजेचा तक्ता. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे कचेऱ्यांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. घात झाल्यावर कामी याव्यात म्हणून त्या ठेवावयाच्या; परंतु घात होण्यापूर्वी, कोणते यंत्र खरोखर जिवंत आहे हे ठरविण्यासही त्या तितक्याच उपयोगी आहेत. निर्देशिका म्हणते मृत आणि विषाणुरोधक म्हणतो काल भेटले, तर ते यंत्र जिवंत. निर्देशिका म्हणते मृत आणि भांडाराची वही म्हणते आहे, तर कोणीतरी उठून त्या टेबलापर्यंत चालत जावे. सर्वांचे एकमत झाले, तरच त्या नावापुढे फुली मारावी.

फुली मारणे आणि नाव खोडणे यांतही अंतर ठेवावे. शहाणा व्यवस्थापक खाते आधी गोठवितो. त्यासमोर तारीख, कारण आणि स्वतःचे नाव लिहितो. गोठविलेली खाती वेगळ्या कप्प्यात हलवितो आणि थांबतो. गोठविलेल्या खात्याने चोराला प्रवेश मिळत नाही, म्हणजे धोका त्याच दिवशी टळलेला असतो. आणि खरा धनी उभा राहिला, तर एका क्षणात खाते पुन्हा उघडता येते. काही महिने कोणी विचारीत आले नाही, राखीव किल्ल्यांची प्रत काढून झाली, मगच ते पुसावे. पुसलेले खातेही काही काळ परत आणता यावे, अशी टोपली या व्यवस्थेत २००९ पासून उपलब्ध आहे. परंतु ती मुद्दाम सुरू करून ठेवावी लागते. बँकांचा व्यवहार याच तत्त्वावर चालतो. ज्या रिझर्व्ह बँकेची मुख्य कचेरी १९३५ ते १९३७ या काळात याच कोलकात्यात होती, तिच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे ग्राहकाने उलाढाल न केलेले खाते निष्क्रिय ठरते. बँकेने स्वतः जमा केलेले व्याज ही उलाढाल मानली जात नाही. दहा वर्षांनी ती रक्कम ठेवीदारांसाठीच्या वेगळ्या निधीत जाते. पण धनी किंवा त्याचा वारस पुढे आला, तर त्याचा हक्क बुडत नाही. संशयावरून दार लावावे, परंतु भिंत बांधू नये, ही त्यातली दृष्टी आहे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. शोधमोहीम वर्षातून एकदा निघते आणि पट स्वच्छ होतो; पुढच्या वर्षी तो पुन्हा भरलेला असतो. कारण नाव चढविणारा ठरलेला आहे, उतरविणारा ठरलेला नाही. नवा संगणक देताना सही घेतली जाते. परत घेताना तो कोपऱ्यात ठेवला जातो. यावर उपाय तंत्रज्ञाचा नसून कारकुनाचा आहे, आणि म्हणूनच कदाचित तो उपेक्षित राहतो. प्रत्येक यंत्राच्या नावापुढे ते कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिलेले असावे. यंत्र भंगारात काढण्याच्या कागदावर ‘निर्देशिकेतून नाव कमी केले’ असा एक रकाना असावा. आणि तो रकाना भरल्यावाचून वजावट मंजूर होऊ नये. ज्या शहरात कारकुनांसाठी रायटर्स बिल्डिंग उभी राहिली आणि दप्तराच्या शिस्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा कारभार चालला, त्या शहराला हा उपाय नवा वाटू नये.

बराहनगरच्या त्या पहिल्या यंत्राची हजेरी ठेवावी लागत नव्हती, कारण त्याच्यापाशी माणसे बसलेली असत. यंत्रांची संख्या वाढली आणि त्यांच्याजवळ बसणारी माणसे विखुरली, तेव्हापासून ते काम दप्तराकडे आले. दप्तर खरे राहावयाचे, तर अधूनमधून कोणीतरी यादी हाती घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले पाहिजे, आणि प्रत्येक नावापाशी थांबून विचारले पाहिजे, की हे यंत्र कोठे आहे आणि ते कोणाचे आहे.